मॉडरेशनची धोरणं पटत नाहीत म्हणून टेक नोकरी सोडावी का? मी सोडली, त्यावरून सांगते

तुमचा प्रश्न असा आहे : तुम्ही एका सोशल मीडिया कंपनीसाठी मॉडरेशनचं, म्हणजे कुठली पोस्ट ठेवायची आणि कुठली काढायची हे ठरवणारं, सॉफ्टवेअर लिहिता, द्वेष पसरवणाऱ्या पोस्टबद्दल कंपनी जे करते ते पटत नाही, मॅनेजर दुसऱ्या टीममध्ये बदली देतो म्हणतो. अशा कारणासाठी कुणी नोकरी सोडली आहे का, आणि त्याने काही फरक पडला का?

हो, मी सोडली. कंपनीला काडीचाही फरक पडला नाही. माझ्या जागी दुसऱ्या टीममधला मुलगा आला, मी नाकारलेलं काम त्याने केलं आणि ते ठरल्या तारखेला चालू झालं. हे आधीच सांगते, कारण कंपनी सुधारेल या आशेवर राजीनामा देणार असाल तर देऊ नका. एखादं काम आपल्या हातून होऊ नये असं ठाम वाटत असेल, आणि ते नाकारून तिथे राहणं जमणार नसेल, तर द्या.

मी पुण्यात एका कंत्राटी कंपनीत होते. आमचा ग्राहक म्हणजे एक मोठी सोशल मीडिया कंपनी. दोघांचीही नावं घेणार नाही. पोस्ट तपासणाऱ्या लोकांच्या पडद्यावर काय, कुठल्या क्रमाने यावं, याचं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो. बाहेरच्यांना वाटतं, आपण तक्रारीचं बटण दाबलं की कुणीतरी माणूस पोस्ट वाचतो. तसं नसतं. आधी मॉडेल, म्हणजे पोस्ट ओळखायला शिकवलेला प्रोग्रॅम, त्या पोस्टला गुण देतं. गुणांवरून रांग ठरते. काही पोस्ट माणसाने न बघताच उडतात, कितीतरी तक्रारी माणसाने न बघताच बंद होतात, आणि मधल्या तेवढ्या तपासणाऱ्यापुढे येतात. त्याच्याकडे एकेकीसाठी काही सेकंद. मराठीची गत तर विचारूच नका. देवनागरीतली शिवी मॉडेल पकडायचं, तीच रोमन अक्षरांत लिहिली की बिनबोभाट जाऊ द्यायचं. आणि जातीवरून मारलेल्या टोमण्यात बहुतेक वेळा शिवी नसतेच. एखादं आडनाव, एखाद्या धंद्याचा उल्लेख, पुढे हसरा चेहरा. गावातल्या कुणालाही कळेल, मॉडेलला नाही.

हे काम मी हौसेने घेतलं होतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना मुलं पळवणारे समजून मारून टाकलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडे फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. एकही मेसेज न वाचता, एकही न काढता पसरण्याचा वेग कमी करता येतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आपण इंजिनिअर लोक इथे काहीतरी उपयोगाचं करू शकतो असं वाटलं.

माझा खटका उडाला तो एका यादीवरून. यादीतल्या खात्यांच्या पोस्टवर तक्रार आली तर ती नेहमीच्या रांगेत न जाता वेगळ्या रांगेत जावी, आणि तिथला निर्णय होईपर्यंत पोस्ट जशीच्या तशी राहावी, असा नियम कोडमध्ये घालायचं काम माझ्याकडे आलं. अशी यादी असण्यात मुळात गैर काही नाही. एखाद्या पत्रकाराचं खातं शंभर लोकांनी ठरवून खोट्या तक्रारी केल्या की बंद पाडता येतं, तिथे दोनदा तपासणं बरोबरच आहे. पण त्या वेगळ्या रांगेत निर्णय घेणाऱ्यांमध्ये सरकारशी संबंध सांभाळणाऱ्या विभागाची माणसं होती, आणि निर्णयाला कसलीही मुदत नव्हती. पोस्ट पेटते ती पहिल्या काही तासांत. चार दिवसांनी काढली काय आणि नाही काढली काय. मी लेखी सुचवलं की मुदत घाला, आणि मुदत संपली की नेहमीचा नियम लागू करा. उत्तर आलं की ग्राहकाच्या मागणीत तसं नाही. मग मी लेखीच कळवलं की हे मी लिहिणार नाही.

बाबा एसटीत कंडक्टर होते. घरी सगळं सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे पाटलाच्या पोराला तिकीट मागायचं नाही, असंच ना?" मी म्हटलं, हो, साधारण तसंच. "आम्हालाही सांगायचे. मी तिकीट फाडायचो. पण माझ्यामागे युनियन होती गं. तुझ्यामागे कोण आहे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आयटीत संघटना आहेत, पण नोकरकपात झाली की तेवढ्यापुरत्या आठवतात.

यादीचा प्रकार जगावेगळा नाही. फेसबुकमध्ये 'क्रॉसचेक' नावाची अशीच व्यवस्था होती आणि २०२० मध्ये तिच्यात ५८ लाखांच्या आसपास खाती होती, हे सप्टेंबर २०२१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने छापलं. त्याच्या वर्षभर आधी, ऑगस्ट २०२० मध्ये, त्याच वृत्तपत्राने भारताबद्दल लिहिलं होतं : तेलंगणातले आमदार टी. राजा सिंह यांच्या पोस्ट द्वेषपूर्ण असल्याचं फेसबुकच्याच कर्मचाऱ्यांनी ठरवलं होतं, पण भारतातल्या धोरण विभागाच्या प्रमुख आंखी दास यांनी त्यांच्यावर नियम लावायला विरोध केला. कंपनीने पक्षपाताचा आरोप नाकारला. सप्टेंबरमध्ये राजा सिंह यांच्यावर बंदी आली, ऑक्टोबरमध्ये दास यांनी कंपनी सोडली. नियम आधीही तोच होता, एवढं लक्षात घ्या. बातमी आल्यावर तो लागू झाला.

आता फरक पडण्याबद्दल. मे २०२० च्या अखेरीस, अमेरिकेत पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा मृत्यू झाल्यावर मिनियापोलिसमध्ये जी आंदोलनं पेटली त्यांवर ट्रम्प यांनी "लूटमार सुरू झाली की गोळीबार सुरू होतो" अशा अर्थाची पोस्ट टाकली. ट्विटरने ती इशाऱ्याच्या पाटीमागे ठेवली, फेसबुकने हातही लावला नाही. १ जूनला फेसबुकच्या शेकडो कर्मचाऱ्यांनी घरून काम बंद ठेवलं. टिमथी अ‍ॅव्हेनी नावाच्या इंजिनिअरने उघडपणे राजीनामा दिला, मग आणखी काहींनी. फेसबुकचे प्रमुख झुकरबर्ग जागचे हलले नाहीत. पुढे नागरी हक्क संघटनांनी जाहिरातदारांना बहिष्काराची हाक दिली. २६ जूनला युनिलिव्हरने अमेरिकेत वर्षअखेरपर्यंत फेसबुकवरच्या जाहिराती थांबवल्याचं जाहीर केलं, आणि त्याच दिवशी झुकरबर्ग यांनी सांगितलं की बातमीमूल्य म्हणून ठेवलेल्या पण नियम मोडणाऱ्या पोस्टवर यापुढे तशी पाटी लावू. योगायोग म्हणा हवं तर.

राजीनाम्यापेक्षा जड ठरले ते कागद. सोफी झँग फेसबुकमध्ये डेटा सायंटिस्ट होती. होंडुरासपासून अझरबैजानपर्यंत सत्ताधारी खोट्या खात्यांनी लोकमत कसं वाकवतात हे ती आत राहून शोधत होती. २०२० मध्ये तिला काढलं. जाताना कंपनीविरुद्ध न बोलण्याच्या अटीसह सुमारे ६४ हजार डॉलर पुढे केले होते, ते तिने घेतले नाहीत. शेवटच्या दिवशी ६,६०० शब्दांचं टिपण आत टाकून गेली. पुढे तिने जे सांगितलं त्यात दिल्लीच्या २०२० च्या निवडणुकीतली खोट्या खात्यांची जाळी होती. एका जाळ्याचा धागा भाजपच्या एका खासदाराच्या खात्याशी जुळताच कारवाई थांबली, असं तिचं म्हणणं. फ्रान्सेस हॉगेनने तर २०२१ मध्ये जाण्याआधी अंतर्गत कागदपत्रांचे हजारो फोटो काढले आणि त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला अमेरिकी सिनेटपुढे साक्ष दिली. चुकीची माहिती ओळखण्यासाठी ठेवलेल्या वेळेतला ८७ टक्के अमेरिकेवर आणि उरलेल्या सगळ्या जगावर मिळून १३ टक्के खर्च होतो, हे त्या कागदांतून कळलं. मराठी मॉडेल का अडखळतं, याचं याहून सोपं स्पष्टीकरण मला अजून मिळालेलं नाही.

पण म्हणून तुम्ही उद्या ऑफिसात पडद्याचे फोटो काढायला लागू नका. हॉगेनने तक्रार अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाकडे केली, तिथे अशा माणसाला कायद्याचं संरक्षण आहे. आपल्याकडे व्हिसल ब्लोअर, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्याच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये झाला, तो सरकारी कारभारातल्या तक्रारींपुरता, आणि तोही लागू केलेला नाही. खासगी कंपनीत तुमच्या हातात फारतर कंपनीची अंतर्गत तक्रार यंत्रणा. ऑफिसची एकही फाइल स्वतःच्या मेलवर पाठवू नका, त्या एका कारणावरून तुम्हाला काढतील आणि मूळ मुद्दा बाजूला पडेल. आक्षेप मात्र लेखी नोंदवा, ऑफिसच्याच मेलवर, तारखेसह, भाषण न झोडता : हा नियम, हा परिणाम, ही सुचवलेली दुरुस्ती. तो कागद आतच राहील, पण राहील. पुढे कधी आतलीच चौकशी झाली तर "कुणी सांगितलंच नव्हतं" असं म्हणता येणार नाही.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, तरी सांगते. माझ्या शेजारी बसणारा सहकारी नेमका उलट कारणाने वैतागला होता. त्याच्या मते आपण फार जास्त काढतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या वेळी सरकारी आदेशावरून ट्विटरने अडीचशेच्या आसपास खाती भारतात रोखली, त्यात एका मासिकाचंही होतं, ते त्याला फार लागलं होतं. मजकूर रोखण्याबद्दलच्या २००९ च्या सरकारी ब्लॉकिंग नियमांतल्या १६ व्या नियमानुसार असे आदेश गोपनीय ठेवायचे असतात, त्यामुळे ज्याचं खातं गेलं त्याला धड कारणही कळत नाही. तो आणि मी तासन्तास वाद घालायचो. शेवटी लक्षात आलं की आमचं दुखणं एकच आहे. जास्त काढा की कमी काढा, यावर आमचं कधीच जमलं नसतं. पण निर्णय कुणाचा फोन आला यावर ठरू नये आणि ज्याच्यावर होतो त्याला कारण कळावं, इथे दोघंही एकाच बाजूला होतो. तुम्हीही आधी हे तपासा. एखाद्या पोस्टचा निर्णय खटकला असेल तर नोकरी सोडू नका, असे निर्णय रोज खटकणार. माणसं माणसांसारखीच चुकतात.

पैशाचं थोडक्यात. नोटीस बहुधा तीन महिन्यांची असेल. त्यापुढे सहा महिने घराचा हप्ता भरता येईल एवढं बाजूला असल्याशिवाय मेल पाठवू नका. माझा नवरा नोकरीत होता म्हणून मला हे जमलं, त्यात शौर्य कसलं. ज्यांना खरं तर सोडायचं असतं त्यांना सोडता येत नाही. हैदराबादसारख्या ठिकाणी कंत्राटावर दिवसभर मारहाणीचे आणि आत्महत्येचे व्हिडिओ बघणारी पोरं माझ्या पगाराच्या अंशावर काम करतात. २०२० मध्ये फेसबुकने तपासणाऱ्यांच्या मानसिक त्रासाबद्दल ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं, ते अमेरिकेतल्या चार राज्यांत काम केलेल्यांना. इकडच्यांना त्यातलं काही नाही.

मुलाखतीत "का सोडली?" असं विचारतातच. मी एका वाक्यात सांगायचे की एका कामाच्या पद्धतीवर मतभेद झाला, तो लेखी मांडला, मान्य झाला नाही. दोन ठिकाणी चेहरे पडले. तिसऱ्या ठिकाणी घेतलं. आता हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिते, पगार कमी आहे, काम कंटाळवाणं आहे, आणि जीएसटीच्या नियमांवरून कुणी कुणाला मारायला धावत नाही.

राहिली बदली. मिळत असेल तर घ्या, पण कुठल्या टीममध्ये ते विचारून. रँकिंगच्या टीममध्ये असेल तर जास्तच विचारा, कारण कुठली पोस्ट किती लोकांपुढे न्यायची हे तिथे ठरतं आणि मॉडरेशनवाले मागाहून झाडू मारत असतात. फेसबुकने २०१७ पासून रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, ते उतरत उतरत सप्टेंबर २०२० मध्ये शून्यावर आणलं. तेवढी वर्षं चिडवणाऱ्या पोस्टला मिळालेला जोर कुठल्याही तपासणाऱ्याला भरून काढता आला नसता. म्हणून नव्या मॅनेजरला सरळ विचारा की तुमच्याकडे यश कशावर मोजतात, आणि पोस्टचा वेग कमी करणारा एखादा बदल आकडे घसरतात म्हणून कधी मागे घेतला आहे का. तो मोकळेपणाने बोलला तर जा. विषय बदलला, तर बदलीने तुमचं काही सुटणार नाही. मग नियुक्तीपत्र काढून नोटीसचं कलम वाचायला घ्या.