ग्रँड विटारा ऑलग्रिपला १८ इंची अलॉय आणि २३५चे टायर चालतील का?

ऑलग्रिप म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी ग्रँड विटारा. तुमच्या गाडीचे मूळ टायर २१५/६० आर १७, म्हणजे रुंदी २१५ मिमी, साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १७ इंची. दुकानदार म्हणतोय, १८ इंची अलॉयवर २३५/५० टाका, आणि बजेट नसेल तर आत्ता पुढचे दोनच बदला. साइज चालेल, पण 'दोनच बदला' हे अजिबात ऐकू नका.

आधी साइजचा हिशोब. २१५ च्या ६० टक्के म्हणजे १२९ मिमी साइडवॉल. त्याची दुप्पट अधिक रिमचे ४३१.८, म्हणजे व्यास ६८९.८ मिमी. २३५/५० आर १८ चा व्यास ६९२.२ येतो. फरक अर्धा टक्कासुद्धा नाही, त्यामुळे स्पीडोमीटर जवळपास तसाच राहील. २३५/६० आर १७ मात्र साडेतीन टक्के मोठा पडतो, तो नको.

आता पुढे नवे २३५ आणि मागे ५ मिमी झिजलेले जुने टायर अशी जोडी बघा. मागचा व्यास उरला ६८० च्या आसपास. म्हणजे दर किलोमीटरला मागची चाकं पुढच्यांपेक्षा साधारण आठ फेरे जास्त मारणार, अगदी सरळ रस्त्यावरसुद्धा. ऑलग्रिपमध्ये मागच्या डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) पुढे क्लच असलेलं कपलिंग असतं, ते गरजेप्रमाणे मागच्या चाकांना ताकद जोडतं. ते जोडलं गेलं की हा फरक क्लचच्या चकत्यांनाच पचवावा लागतो. त्या घासतात, तापतात. लॉक मोड, म्हणजे हे कपलिंग जोडलेलंच ठेवणारा मोड, कोरड्या डांबरावर वापरलात तर त्रास आणखी वाढतो. टू-व्हील ड्राइव्ह गाडीत ही भानगड नाही, म्हणून दुकानदाराला ती सुचत नाही.

म्हणून चारही टायर एकाच साइजचे, एकाच मॉडेलचे आणि सारख्या झिजेचे हवेत. हवा सारखी भरा आणि टेप ट्रेडच्या (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या) मधोमध गुंडाळून चौघांचा घेर मोजा. सुबारू आपल्या ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांसाठी पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिमीच्या आत फरक ठेवायला सांगते. मीही तोच आकडा धरायला सांगेन. घेरातले ६ मिमी म्हणजे ट्रेडमध्ये जेमतेम १ मिमी, त्यामुळे दर १०,००० किमीला टायर फिरवून घेणं, म्हणजे पुढचे-मागचे अदलाबदल करणं, टाळू नका. साइडवॉल फाटून एकच टायर बदलायची वेळ आली आणि बाकीचे निम्मे झिजलेले असतील, तर चारही बदलावे लागतात. स्टेपनीची साइज वेगळी असेल तर ती फक्त जवळच्या टायरवाल्यापर्यंत, हळू.

रिम घेताना पीसीडी (नटांच्या वर्तुळाचा व्यास) ५x११४.३ च हवा, म्हणजे पाच नट, ११४.३ मिमीच्या वर्तुळावर. '११२ पण बसतं' म्हणणाऱ्याकडून उठून या. हबचं भोक ६०.१ मिमी, बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं ७३.१ असतं. मध्ये योग्य मापाची हब रिंग नसेल तर ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच बॅलन्सिंग करत बसतात. मूळ रिमच्या मागे कोरलेले जे (रिमची रुंदी, इंचात) आणि ईटी (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या भागाचं अंतर, मिमीत) हे आकडे वाचून घ्या. समजा ६.५जे ईटी ५० च्या जागी ७.५जे ईटी ४० घेतलं, तर बाहेरची कड २२.७ मिमी बाहेर येते. मग टायर फेंडरला घासतो, चिखल दारावर उडतो, बेअरिंगवर भार वाढतो. ईटी मूळच्या पाचेक मिमीच्या आत ठेवा, स्पेसर (हब आणि रिमच्या मधली जाड चकती) नकोच.

टायरवर लिहिलेला लोड इंडेक्स (भार पेलण्याचा आकडा) ९६ च्या खाली नको. ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो. ९५ म्हणजे ६९०. २१५/५५ आर १८ घ्यायला गेलात तर इथेच फसाल, त्यात ९५ सर्रास मिळतो.

पैसे देण्याआधी एक चाक लावून बघा: मागे तीन माणसं बसवा, एक चाक फुटपाथच्या कडेवर चढवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. आत-बाहेर बोटभर फट दिसली पाहिजे. नट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. १०० किमीनंतर पुन्हा एकदा.

माझ्या मते मात्र १७ इंचीच ठेवा. १८ वर साइडवॉल १२९ वरून ११७.५ वर येते आणि आपल्याकडच्या खड्ड्यांत रिम वाकते. चारही २२५/६० आर १७ टाका: व्यास १.७ टक्के मोठा, गाडी ६ मिमी वर, मूळ रिम तशीच.