मनाला ताण येतो, पिकाला बसतो

सोलापुरातल्या जीवशास्त्राच्या एका बाईंनी विचारलंय : अकरावीच्या मुलांसाठी आतड्यातल्या मूलपेशींवर (स्टेम सेल) टिपण लिहितेय. ‘पोषण आणि ताण यांना या पेशी कसा प्रतिसाद देतात’ असं लिहिलं की मुलं ताण म्हणजे परीक्षेचं टेन्शन समजतात. ‘तणाव’ लिहू का?

बाई, ‘तणाव’ नको. तो शब्द दोन गटांतल्या, दोन देशांतल्या संबंधांसाठी रुळलाय. ‘ताण’च ठेवा, फक्त क्रियापद बदला. मनाला ताण येतो, पिकाला बसतो आणि बागेला देतात. सांगोल्याच्या कुठल्याही डाळिंबवाल्याला विचारा. बहार धरायचा तर आधी पाणी तोडून बाग ताणावर सोडतात. पानं पिवळी पडून गळतात. मग खत घालून पाणी दिलं की कळी निघते. पावसानं ‘ओढ’ दिली की पिकाला ‘ताण’ बसतो. दोन्ही शब्द खेचण्याचेच, आणि हातमागावरचा ताणाही त्याच कुळातला. तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी हा अर्थ रोज बोलला जात असेल.

आतड्यात घडतं तेही किती जवळचं आहे पाहा. आतड्याचं अस्तर ३ ते ५ दिवसांत नवं होतं. त्यातल्या बारीक खळग्यांच्या तळाशी असलेल्या मूलपेशी विभागून नव्या पेशी पुरवत राहतात. उंदरांना २४ तास उपाशी ठेवल्यावर या पेशी साखरेऐवजी चरबी जाळू लागल्या आणि अस्तर पुन्हा उभं करण्याची त्यांची ताकद वाढली, असं अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं. २०२४ मध्ये पुढचा भाग कळला : विभाजनाला खरा जोर चढतो तो उपास सुटून पुन्हा खायला मिळाल्यावर. ताण दिला, पण कळी निघाली पाण्यावर! मात्र नेमक्या त्याच वेळी कर्करोगाकडे नेणारा जनुकीय बदल झाला, तर उंदरांत गाठींचा धोका वाढतो. हे टिपणातून गाळू नका. डाळिंबाची उपमा इथवरच पुरते.

शास्त्रात जंतुसंसर्ग, किरणोत्सर्ग हेही ‘ताण’ याच शब्दाखाली मोडतात. तिथे मी सरळ ‘इजा’ लिहीन. ‘प्रतिसाद देतात’ हेही मला कोरडं वाटतं. त्यापेक्षा मथळा असा करा : ‘खायला मिळालं, उपासाचा ताण बसला किंवा इजा झाली, की आतड्यातल्या मूलपेशी काय करतात?’