रामटेककडच्या माणसाला कामठी छावणीत प्रशिक्षणाच्या कामाला गाड्या-मजूर पुरवण्याचं कंत्राट कसं मिळेल?

भाऊ, तुमच्याकडे एक बस आहे, एक ४०७ ट्रक आहे, गावात कामाला तयार असलेली दहा-बारा पोरं आहेत. छावणीत नवीन जवानांच्या प्रशिक्षणाला गाड्या, मजूर आणि मेसला माणसं लागतात, हे तुम्ही ऐकलं. आता एक इसम पाच टक्के घेऊन काम मिळवून देतो म्हणतो, आणि त्याला द्यावेत का असं तुम्ही विचारता.

देऊ नका. ही खरेदी आता बहुतेक जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर होते. तुमचा दर निविदा उघडेपर्यंत कोणालाच दिसत नाही, त्यामुळे तो इसम मध्ये काहीच करू शकत नाही. शिवाय काम मिळवून देण्यासाठी कोणाला कमिशन दिलेलं नाही, असं तुम्हाला संरक्षण खात्याच्या करारात मान्य करावं लागतं. ते खोटं निघालं तर करार रद्द होतो आणि नाव काळ्या यादीत जातं.

कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचं रेजिमेंटल सेंटर आहे आणि एनसीसीची अधिकारी प्रशिक्षण अकादमीही आहे. अशा ठिकाणी बाहेरून घेतलं जाणारं काम म्हणजे गोळीबाराच्या रेंजवर किंवा स्टेशनवर नेण्या-आणण्याच्या बस, सामानाचे ट्रक, मेसचे स्वयंपाकी आणि वाढपी, सफाई, गवत कापणं, टार्गेटच्या लाकडी चौकटी, वाळूच्या पोत्यांसाठी गोणपाट, वर्गातलं सामान. प्रशिक्षणासाठी युनिटला वार्षिक अनुदान असतं आणि ते ३१ मार्चला संपतं. म्हणून जानेवारीपासून छोट्या-छोट्या निविदा भराभर निघतात, मुदतही कमी असते. कागदपत्रं दिवाळीपर्यंत तयार ठेवा. आतली न्हाव्याची, शिंप्याची, चहाची दुकानं मात्र वेगळी. ती बहुधा रेजिमेंटच्या स्वतःच्या व्यवस्थेतून, युनिटच्या सूचनेवर दिली जातात. जेमवर शोधून ती सापडणार नाहीत.

जेमच्या नोंदणीसाठी पॅन, बँक खातं, जीएसटी आणि, सवलती हव्या असतील तर, उद्यम (सूक्ष्म-लघु उद्योगाच्या नोंदणीचं) प्रमाणपत्र तयार ठेवा. उद्यममध्ये तुमचा व्यवसाय ‘सेवा’ म्हणून आणि नेमक्या कामाच्या कोडखाली आहे का, तेवढं बघा. सूक्ष्म-लघु उद्योगाला बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) माफ असते, पण तिथे ‘ट्रेडिंग’ लिहिलेलं असेल तर ही सवलत मिळत नाही आणि निविदा पहिल्याच चाळणीत बाद होते. करार मिळाल्यावर द्यायची हमी मात्र सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून माफ होत नाही. ती साधारण करार किमतीच्या ३ ते ५ टक्के असते आणि करार संपल्यावरही ६० दिवस चालू ठेवावी लागते. वर्षाचं काम असेल तर या हमीपोटी ठेवलेली तुमची मुदत ठेव १४ महिने अडकली असं धरा. निविदेत वाणिज्य बँकेची हमी मागितली असेल तर गावातल्या पतसंस्थेची चालत नाही.

निविदेचा छापील भाग सगळीकडे सारखाच असतो. खरं काम शेवटी जोडलेल्या खरेदीदाराच्या जादा अटींमध्ये असतं. गाडी किती वर्षांच्या आतली हवी, ड्रायव्हरला राहायची जागा कोण देणार, एक माणूस न आल्यास दंड किती, गणवेश कोणाच्या खर्चाने, हे तिथे लिहिलेलं असतं. अनुभव आणि उलाढालीची अट सूक्ष्म उद्योगाला शिथिल आहे की नाही, हेही तिथेच कळतं. अट अस्पष्ट वाटली तर बोली बंद होण्याआधी पोर्टलवरच लेखी खुलासा मागा. फोनवर मिळालेल्या उत्तराला नंतर किंमत नसते. तांत्रिक तपासणीत बाद केलं तर आक्षेप घ्यायला जेमवर ४८ तास मिळतात, म्हणून त्या दिवसांत रोज लॉगिन करा.

आता हिशेब. नवीन माणूस इथेच बुडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बसचं घ्या. महिन्याला २,००० किलोमीटर आणि ३२० तास, असं पॅकेज जेमवर चारचाकीसाठी सर्रास असतं. बसच्या निविदाही अशाच ढाच्यात येतात. आता तुमचं गाव छावणीपासून ३० किलोमीटर आहे असं धरू. रिकामं जाणं-येणं रोज ६०, महिन्याचे २५ दिवस म्हणजे १,५०० किलोमीटर. मीटर छावणीच्या गेटपासून मोजायचं असं निविदेत असेल, तर हे सगळं तुमच्या खिशातून. बस लिटरला ५ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर नुसत्या रिकाम्या फेऱ्यांचे २७,००० रुपये झाले. त्यापेक्षा गाडी आणि ड्रायव्हर कामठीतच भाड्याच्या जागेत ठेवणं स्वस्त पडतं. दर टाकण्याआधी ती जागा बघून या. भाड्याच्या वाहनाचा जीएसटी मजुरांच्या कामासारखा नसतो, तो सीएकडून आधीच ठरवून घ्या. गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यावसायिक नोंदणीची हवी. परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी यातलं एकही मध्येच संपलं तर गेटवर बस परत फिरवतात आणि त्या दिवसाचा दंड लागतो.

मजुरांचं गणित आणखी नाजूक आहे. संरक्षण खात्याच्या कामाला केंद्राची किमान मजुरी लागते. तिचा महागाई भत्ता दर १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो, आणि कामाचं ठिकाण अ, ब, क यांपैकी कोणत्या वर्गात आहे त्यावर दर ठरतो. उदाहरणापुरता रोज ८०० रुपये धरा. २६ दिवसांचे २०,८०० झाले. त्यावर पीएफचा मालकाचा वाटा प्रशासन शुल्कासह १३ टक्के, तो १५,००० पगाराच्या मर्यादेवर १,९५० होतो. ईएसआयसी (कामगार विमा) ३.२५ टक्के म्हणजे ६७६. एका माणसामागे २३,४२६, दहा जणांचे २,३४,२६०. बऱ्याच निविदांत किमान सेवाशुल्क, म्हणजे या खर्चावर तुम्हाला मिळणारा वाटा, ३.८५ टक्के असतं आणि सगळेच तेवढंच टाकतात, म्हणजे महिन्याला तुमच्या हातात आले ९,०१९ रुपये. आता पहिलं बिल दोन महिन्यांनी निघालं, तर तोवर ४,६८,५२० रुपये तुम्ही मजुरीत घातलेले असतात. १२ टक्क्यांनी त्याचं व्याज महिन्याला ४,६८५. उरले ४,३३४. त्यातच गणवेश, हमीचं बँक कमिशन, तुमचं येणं-जाणं. बोनसचे ८.३३ टक्के दरात धरले नसतील तर तेही तुमच्या अंगावर. वरून १८ टक्के जीएसटी म्हणजे जवळपास ४३,८०० रुपये, बिलाचे पैसे आले नसले तरी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावे लागतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे : दोन-अडीच महिन्यांची मजुरी हाताशी नसेल तर मनुष्यबळाच्या निविदेला हात लावू नका. मजुरांचा पीएफ थकवून काम ओढणारे आपल्याकडे आहेत. तो पैसा त्या पोरांचा आहे, आणि पीएफ भरल्याच्या चलनाची प्रत नसेल तर पुढचं बिलही अडतं.

तुमच्या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. जुलैत धानाच्या रोवणीला आणि दिवाळीच्या आसपास कापणीला माणसं गावाकडे पळतात. करारात मात्र गैरहजेरीचा दंड रोजचा असतो. दहा जणांच्या कामाला किमान तीन बदली माणसं छावणीच्या प्रवेशपासासकट तयार ठेवा. पास हा सगळ्यात वेळखाऊ भाग आहे. पोलीस पडताळणी, आधार, फोटो, मग युनिटची छाननी, असे तीन-चार आठवडे सहज जातात. आयत्या वेळी चुलतभावाला ड्रायव्हर म्हणून पाठवलं तर तो गेटवरच उभा राहतो. काही भागांत मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, हे पोरांना आधीच सांगा. रेंजवर गेलेल्या ड्रायव्हरनं ठरवून दिलेल्या जागेबाहेर जायचं नाही. गोळीची रिकामी पुंगळी असो की लोखंडाचा तुकडा, काहीही उचलायचं नाही. तो सरकारी माल आहे, आणि न फुटलेला गोळा ओळखता येत नाही.

बिलासाठी सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे ड्युटी स्लिप. त्यावर निघतानाचं आणि परततानाचं मीटर, वेळ, आणि सोबत असलेल्या हवालदाराची सही नावासकट त्याच दिवशी हवी. महिनाअखेरीला जमवू म्हटलं तर तो हवालदार बदलून गेलेला असतो आणि तेवढ्या फेऱ्या कापल्या जातात. स्लिपांवरून जेमवर बिल चढवायचं, युनिटनं स्वीकृती दिली की कागद संरक्षण लेखा विभागाकडे जातो. बिलातून कापलेला टीडीएस आयकराच्या आणि जीएसटीच्या ऑनलाइन खात्यात दिसतो का, ते दर तिमाहीला बघा. पैसे ४५ दिवसांच्या पुढे रखडले तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने व्याज मागता येतं, तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर होते. पण आधी युनिटला लेखी स्मरणपत्र द्या. पुष्कळदा अडलेला कागद म्हणजे नुसतं पीएफचं चलन असतं.

सुरुवात वर्षभराच्या मनुष्यबळानं करू नका. शिबिराच्या आठ-दहा दिवसांसाठी बस, अशी छोटी निविदा धरा. पैसा कमी अडकतो आणि पासाची, स्लिपांची, बिलाची वाट एकदा माहीत होते. काम संपल्या आठवड्यातच समाधानकारक पूर्ततेचं पत्र मागून घ्या. पुढच्या निविदेत अनुभव म्हणून तेच जोडावं लागतं, आणि अधिकारी बदलून गेला की ते मिळवायला महिने जातात.