मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर मुलीचा ताबा जातो का?

तुम्ही लिहिलंय की काही वर्षांपूर्वी बायपोलरचं (मनःस्थितीत टोकाचे चढउतार होण्याच्या आजाराचं) निदान झालं, गोळ्या चालू आहेत, मुलगी सात वर्षांची आहे आणि नवरा धमकावतो, "कोर्टात तुला वेडी ठरवीन आणि पोरगी घेऊन जाईन." मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. असल्या धमकीला घाबरून गोळ्या सोडणाऱ्या बायका मी पाहिल्यात, म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते: ताई, गोळ्या बंद करू नका. डॉक्टरकडे नियमित जाणारी आई कोर्टाला जबाबदार वाटते. औषध सोडून पुन्हा आजारी पडलेल्या आईची बाजू मांडताना मात्र वकिलाचा कस लागतो.

निव्वळ निदानावर ताबा जात नाही. पालक व पाल्य अधिनियम, १८९० आणि हिंदू अज्ञान व पालकत्व अधिनियम, १९५६ या दोन्हींत कोर्टाने पाहायचं ते मुलाचं हित. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३ मध्ये तर स्पष्टच आहे की मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणाला मनोविकल, म्हणजे कायद्याच्या भाषेत मन ठिकाणावर नसलेलं, धरता येत नाही, तसं सक्षम न्यायालयाने ठरवावं लागतं. पूर्वी कधी दवाखान्यात दाखल होता, एवढंही पुरत नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं होतं. ते घटस्फोटाचं होतं, ताब्याचं नव्हे, पण मुद्दा तोच. बायकोला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा मानसिक आजार, आहे असं नवऱ्याचं म्हणणं होतं. ती सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून नोकरी करत होती. इतका गंभीर आजार असता तर हे काम तिला जमलंच नसतं, असं म्हणत न्यायालयाने घटस्फोट नाकारला. आजाराचं नाव काय यापेक्षा तो किती आहे आणि त्याने रोजच्या जगण्यात काय अडतं, हे पाहिलं जातं.

ताब्याच्या दाव्यात हे रोजचं जगणं म्हणजे मुलीचा दिवस. कोर्टाच्या समुपदेशक मुलांशी बोलतात तेव्हा प्रश्न साधे असतात. सकाळी कोण उठवतं? डबा कोण भरतं? शाळेच्या डायरीवर सही कोणाची? आणि मग, आईला बरं नसतं तेव्हा तू कोणाकडे असतेस? या शेवटच्या प्रश्नाला घरात पक्कं उत्तर असेल तर निम्मी लढाई तिथेच जिंकता. आजी, मावशी, शेजारच्या काकू, जे कोणी असेल त्यांच्याशी आत्ताच बोला, त्यांची प्रतिज्ञापत्रं करून घ्या. मुलीलाही तिच्या वयाला कळेल असं सांगा की आईला एक आजार आहे, त्यावर औषध आहे आणि तो तिच्यामुळे झालेला नाही. कोर्टात काय बोलायचं ते मात्र पढवू नका. न्यायाधीश चेंबरमध्ये बोलवून विचारतात तेव्हा पाठ केलेलं वाक्य त्यांना लगेच कळतं.

खोटा दिलासा मी देणार नाही. वारंवार औषध सोडणं, आजाराच्या भरात मुलीला घेऊन रात्री-अपरात्री घराबाहेर पडणं, तिच्यासमोर जिवाचं काही करून घ्यायला जाणं, असं काही घडलं असेल तर ते तुमच्या विरोधात जाईल, आणि माझ्या मते जायलाही हवं. अशा वेळी वडिलांना अंतरिम (तात्पुरता) ताबा आणि आईला देखरेखीखाली भेट, असा आदेश होऊ शकतो. पण ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो.

आता नवऱ्याकडच्या पुराव्याचं. बहुतेक वेळा त्यात असतं काय, तर कपाटातल्या प्रिस्क्रिप्शनचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि भांडणातले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. आजाराचा पुरावा समोरच्याने दाखल केला आणि तुम्ही त्याला हरकत घेतली, तर २०१७ च्या कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे कोर्टाने तो याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तपासायला पाठवायचा असतो. वकिलांना हे कलम आवर्जून दाखवा, अनेकांच्या ते लक्षात नसतं. आणखी एक गोष्ट फार कमी जणींना ठाऊक असते. उपचारांसाठी तुमचा 'नामनिर्देशित प्रतिनिधी', म्हणजे उपचारांच्या निर्णयांत तुम्हाला साथ देणारी व्यक्ती, कोण हे तुम्हीच ठरवायचं असतं. तुम्ही कुणाचं नाव दिलेलं नसेल तर ती भूमिका नातेवाईक म्हणून नवऱ्याकडे जाऊ शकते. साध्या कागदावर बहिणीचं किंवा आईचं नाव लिहा, सही करा आणि तो कागद डॉक्टरांकडे द्या. आधी नवऱ्याचं नाव दिलं असेल तरी ते केव्हाही बदलता येतं.

डॉक्टरांकडून लेखी घ्याल तेव्हा नुसतं 'फिट आहे' नको. उपचार कधीपासून, किती नियमित, आत्ताची स्थिती काय आणि मुलीची काळजी घेण्यात काही अडचण दिसते का, एवढं त्यात यायला हवं.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करा. बायकांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.