छेद

प्रिय डॉक्टर,

रविवारी तू आलीस, दोनदा चहा निवला, आणि मनातलं शेवटी दारात चपला घालताना बोललीस. "सर, दिवसाला साठ पेशंट. सर्दी, ताप, जुलाब, गुडघे. यातून रिसर्च काय होणार? मेडिकल कॉलेजात राहिले असते तर गोष्ट वेगळी." मी नुसता हसलो, कारण तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय, पण थोडं रागावून सुचलंय, तेवढं सांभाळून घे.

आधी तो पेशंटच्या नोंदींचा तुझा मोबाइलवरचा फॉर्म. चौतीस रकाने! जनगणना करायची आहे का तुला? तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गर्दी होईल, पाच रकाने रिकामे सुटतील, आठव्या दिवशी तू फक्त 'इंटरेस्टिंग' पेशंटचे फॉर्म भरशील. तिथेच सगळं संपतं. हे मी पैज लावून सांगतो, कारण मी तेच केलं.

शाळेतला अपूर्णांक आठव. वरचा अंश, खालचा छेद. आपण डॉक्टर लोक आयुष्यभर अंश गोळा करतो: अवघड केस, दुर्मीळ केस, चहाच्या वेळी सांगायची केस. छेद कोणी लिहीत नाही. एकूण किती आले? त्यातले किती साधे निघाले? किती परत आलेच नाहीत? छेद नसेल तर तुझ्याकडे किस्से आहेत, अभ्यास नाही.

माझ्याकडे एक लाल वही आहे. सतरा पावसाळ्यांची. भातलावणीच्या दिवसांत ताप, लाल डोळे, पोटऱ्या दाबल्या की कळवळणारा माणूस आला की मी वहीत लिहायचो. संशय लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा: उंदरांच्या लघवीने दूषित चिखलपाण्यातून होणारा ताप. एक्केचाळीस नोंदी झाल्या. डॉक्टरांच्या बैठकीत 'आपल्या तालुक्यातला लेप्टो' म्हणून मोठ्या ऐटीत बोललो. मागच्या रांगेतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी विचारलं, "तापाच्या एकूण किती रुग्णांपैकी?" मी म्हणालो, "खूप." लोक हसले. मला तो माणूस कित्येक वर्षं आवडला नाही.

त्याहून वाईट पुढे आहे. वहीतल्या एका नोंदीपुढे मी 'बरा' लिहिलं होतं. पुन्हा आला नाही, म्हणजे बरा. आठ महिन्यांनी त्याची बायको स्वतःच्या बीपीच्या गोळ्यांसाठी आली, कपाळ मोकळं. जिल्ह्याला नेताना वाटेतच गेला होता. "तुम्हाला कोण कळवणार, डॉक्टर?" एवढंच ती म्हणाली. न आलेला म्हणजे बरा नव्हे. तोही छेदातच असतो, आणि त्याला आपणच शोधायचं असतं.

कॉलेजात हे सोपं असतं असं तुला वाटतं. उलट आहे. तिथे माणूस पोचतो तो गाळून, चाळून, उशिरा. त्याचं गाव किती मोठं, शेजारी कोण आजारी, हे तिथल्या प्राध्यापकाला माहीत नसतं. इंग्लंडमधल्या वेन्स्लीडेल खोऱ्यात विल्यम पिकल्स नावाचा आपल्यासारखाच जीपी, साधा दवाखाना चालवणारा डॉक्टर, होता. १९२९ मध्ये तिथे काविळीची साथ आली. त्याच्या ५,७०० च्या वस्तीत सुमारे २५० जण आजारी पडले. बघ, छेद त्याच्या हातात होता! कोण कोणाला कधी भेटलं हेही त्याला ठाऊक. सकाळी ज्या मुलीला त्याने अंथरुणात तपासलं, ती दुपारी गावच्या जत्रेत हिंडताना दिसली. अशा धाग्यांवरून त्याने संसर्ग झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत किती दिवस जातात ते काढलं. यंत्र कुठलंच नाही, रोजच्या नोंदी आणि आलेख.

आणि लांब कशाला? महाडचे डॉ. बावस्कर. लाल विंचवाच्या दंशावर त्यांनी आयुष्य घातलं. २०११ मध्ये त्यांची चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली, ती ७० रुग्णांची: काहींना प्राझोसिन या रक्तदाबावरच्या गोळीबरोबर विंचवाचं प्रतिविष, काहींना नुसतं प्राझोसिन. ७० म्हणजे तुझी एक-सव्वा दिवसाची ओपीडी. पण ज्यांना प्रतिविष दिलं नाही, त्यांचीही तितकीच काटेकोर नोंद.

तो एमआर, औषध कंपनीचा माणूस, तुला त्यांच्या गोळीच्या सर्व्हेचे फॉर्म देऊन गेला ना, प्रत्येक फॉर्ममागे पैसे? परत कर. नीतीचं प्रवचन देत नाही. त्या फॉर्मवर फक्त गोळी दिलेले पेशंट आहेत, न दिलेले कुठेच नाहीत. छेद नाही!

एकच प्रश्न घे. माझं ऐकशील तर पावसाळ्यातला मोठ्या माणसांचा ताप. 'ताप' म्हणजे थर्मामीटरवर १००.४ की पेशंट म्हणतो तो, हे आधी ठरव, मध्येच बदलू नकोस. 'व्हायरल' लिहू नकोस, दिसलं ते लिही. प्रत्येकाची एक ओळ, तो समोर बसलेला असतानाच: केस पेपरचा नंबर, वय, गाव, किती दिवसांचा ताप, चिखलात काम केलं का, पोटऱ्या, काय दिलं. सातव्या दिवशी फोन. फोन लागला नाही तर 'लागला नाही' असं लिही. वहीत नाव नको. आणि हे छापायचं मनात असेल तर पहिल्या नोंदीआधी एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीकडे जा. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाच. आधी नोंदी आणि मग परवानगी, असं चालत नाही.

तू विचारशील, सर, तुम्ही का नाही केलंत? माझ्या नावावर एकही पेपर नाही, हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. तेव्हा तालुक्याला लेप्टोची तपासणी होत नव्हती. रक्त मुंबईला पाठवावं लागे. दोन मुलांच्या फिया होत्या, रात्रीचे व्हिजिट कॉल होते. सगळं खरं आहे. पण एका ओळीला अर्धा मिनिट लागतो, आणि छेद लिहायला तपासणीचं किट लागत नाही. सतरा वर्षं मी रात्री जेवून टीव्हीसमोर बसायचो.

लाल वही तुला देणार नाही, मागू नकोस. कोरी आणून ठेवली आहे, दोनशे पानी, उभ्या रेघा मारलेली. पुढच्या रविवारी येऊन घेऊन जा. आणि टेबलावरच्या पेनाला दोरा बांधायला सांग तुझ्या कंपाउंडरला. पेशंट पेन घेऊन जातात.

तुझा,
सर