पोलो जीटी विकून काय घ्यावं?

अरे, आधी एक सांगतो, पोलोसारखीच (फोक्सवॅगनची छोटी हॅचबॅक) गाडी शोधत बसू नकोस, ती भारतात २०२२ मध्येच बंद झाली आणि तो फील आठवत शोरूममध्ये गेलास तर सगळ्याच गाड्या फिक्या वाटतील. आता तुझ्या घरी लेकरू आलंय, तुझ्या बाबांचे गुडघे दुखतात, मग बघायचं ते हे:

– मागचं दार उघडून बाबांना स्वतः चढू-उतरू दे, चाइल्ड सीट लावून बघ, बाबागाडी डिकीत घालून बघ. मी हे केलं नाही, शोरूमभोवती दहा मिनिटं चक्कर मारून बुकिंग केलं, आणि पहिल्याच गावच्या ट्रिपला बाबागाडी माझ्या बाबांच्या मांडीवर!
– टेस्ट ड्राइव्ह चार माणसं बसवून, एसी लावून, चढावर.
– नुसत्या पॉवरच्या आकड्यावर भाळू नकोस. टायर, इन्शुरन्स, सर्व्हिसचा खर्च आधी विचार.

टर्बो इंजिनच्या जोराची सवय सुटत नसेल तर स्कोडाची छोटी एसयूव्ही कायलाक बघ, इंजिन १.० टीएसआयच (म्हणजे १ लिटरचं टर्बो पेट्रोल), पॉवर ११५ पीएस, डिकी ४४६ लिटर. सेडान चालत असेल तर फोक्सवॅगनची व्हर्टस, पण बाबांना ती खाली वाटेल बहुतेक. रिमॅप-बिमॅप (पॉवर वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदलणं) नंतर बघू, आणि पोलो घाईत एक्स्चेंजला देऊ नकोस, आधी बाहेर दोन-तीन ठिकाणी भाव काढ.