तीन चेकबॉक्स, आठ स्क्रीन

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या ॲपचा प्रोटोटाइप (चालवून बघायचा नमुना) फिग्मा या स्क्रीन-डिझाइनच्या साधनात करतोय. सूचना कशा हव्यात यासाठी एसएमएस, व्हॉट्सॲप, ईमेल असे तीन चेकबॉक्स आहेत; एक तरी टिक केला तरच ‘पुढे’ बटण चालू व्हायला हवं. स्क्रीन जोडता जोडता आठ झाल्या आणि बाणांचं जाळं झालं. आमचे सर म्हणतात, व्हिज्युअल बेसिक या जुन्या प्रोग्रॅमिंगच्या साधनात हे काम चुटकीसरशी व्हायचं. खरं का?

उत्तर : सरांचं खरं आहे. प्रत्येक चेकबॉक्सच्या दोन अवस्था, म्हणून २ × २ × २ = ८. चौथा आला की १६.

ॲपलच्या बिल ॲटकिन्सन यांच्या हायपरकार्ड या कार्डं जोडून ॲप बनवायच्या साधनात (१९८७) बटणाच्या पोटातच लिहायचं : ऑन माउसअप, गो टू नेक्स्ट कार्ड, एंड माउसअप; म्हणजे बटण दाबून सोडलं की पुढच्या कार्डावर जा. व्हिज्युअल बेसिकमध्ये (१९९१) फॉर्मवर बटण ठेवून डबल क्लिक केलं की कोडची खिडकी उघडायची. दिसणं आणि वागणं एकाच जागी. (तोटाही तिथेच : घाईत लिहिलेला नमुन्याचा कोड तसाच खऱ्या कामात जायचा.) नंतर आलेलं स्केच (२०१०) आणि फिग्मा (२०१६) चित्रकलेच्या घराण्यातली. टॅप केलं की पुढचं चित्र, एवढंच. आधी काय टिक केलं ते लक्षात ठेवायची सोय नव्हती. अटी घालायच्या तर लोक ॲक्शर आरपी या प्रोटोटाइपच्या साधनाकडे वळायचे. फिग्मात व्हेरिएबल्स (किंमत लक्षात ठेवणारे कप्पे) आली ती २०२३ मध्ये.

तर आठातल्या सात स्क्रीन पुसा. चार बूलियन (फक्त ट्रू किंवा फॉल्स धरणारी) व्हेरिएबल्स करा : एसएमएस, व्हॉट्सॲप, ईमेल आणि ‘तयार’, सगळी फॉल्स. चेकबॉक्स आणि बटण, दोन्ही कंपोनंटना (पुन्हा वापरायच्या घटकांना) प्रत्येकी दोन व्हेरिएंट (रूपं) द्या आणि त्यांच्या किमती ट्रू आणि फॉल्स अशाच ठेवा, म्हणजे व्हेरिएबल त्यांना बांधता येईल. टॅपवर दोन क्रिया लावा : आधी त्या चेकबॉक्सचं व्हेरिएबल उलटवा, मग ‘तयार’मध्ये ‘एसएमएस ऑर व्हॉट्सॲप ऑर ईमेल’ भरा. क्रम चुकवू नका. क्रिया वरून खाली चालतात. ‘तयार’ आधी ठेवलंत तर बटण नेहमी एक टॅप मागे राहील, आणि चूक भलतीकडेच शोधत बसाल. ‘पुढे’च्या टॅपवरही ‘तयार’ ट्रू असेल तरच पुढे जायची अट घाला, नाहीतर फिकं दिसणारं बटणही चालेल. या क्रिया तुमच्या फिग्माच्या प्लॅनमध्ये मिळतात का, ते सुरुवातीलाच बघा.

प्रश्न : बटणावरच्या ‘नोंदणी’ची वेलांटी वरून कापली जाते. फाँट बदलू?

उत्तर : आधी ओळीची उंची बघा. इंग्रजीसाठी ठेवलेली १०० किंवा १२० टक्के देवनागरीला अपुरी पडते. १५० करून पाहा. बटणाची उंची ठरावीक न ठेवता ऑटो लेआउटमध्ये मजकुराप्रमाणे वाढू द्या. ‘सेव्ह’च्या मापाच्या बटणात ‘माहिती जतन करा’ मावत नाही, ते दुखणंही त्यातच बरं होईल. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत मात्र मात्रा जागा सोडत असतील तर टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा.